सातवं ताट

२४ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. बुडापेस्टहून निघालेली गाडी केरेकतोला लागेपर्यंत डब्यात मी आणि एक घोरणारा पोस्टमन एवढेच उरलो होतो. स्टेशनवर गिझी नेनी स्वतः न्यायला आली होती. ती इथल्या रुग्णालयात हृदयविभागाची मुख्य नर्स, आणि आजपासून माझी घरमालकीणही. इथे पन्नाशी ओलांडलेली प्रत्येक बाई नेनी आणि प्रत्येक पुरुष बाची. आमच्या शहरात ही मावशी-काका करण्याची रीत मोडीत निघाली आहे, त्यामुळे कानाला गोड वाटलं. तिने माझी बॅग हातातून ओढूनच घेतली आणि म्हणाली की अगं एतेल्का, तुझे ओठ बघ किती निळे पडलेत, तू ओझं उचलायचं नाहीस, तू नुसतं चालायचं.

ओठ निळे आहेत हे खरंच आहे. नवव्या वर्षी सांधेतापाने माझ्या हृदयाची झडप कुरतडली, तेव्हापासून ती गळते आहे. चार ठोके सरळ पडतात आणि पाचवा गाळला जातो. राजधानीत शस्त्रक्रियेचा नंबर लागायला नऊ महिने सांगितले. इथे मात्र कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांत नवी झडप मिळते. दुसऱ्यांचं हृदय थांबवलं की यंत्रावर त्यांचं रक्त फिरवत ठेवायचं, हे काम मी बारा वर्षं केलं आहे. आता स्वतःसाठी आले आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही. जगायचंय मला. सदतीस हे काही मरायचं वय नाही.

खोली झकास आहे. चादरी कडक इस्त्रीच्या, खिडकीत पांढरे पडदे. डावीकडे भिंतीला भिंत लागून रुग्णालय, समोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे हिरव्या फाटकाचं बुटकं घर. तिथे दोघी बहिणी राहतात. सगळं कसं चित्रासारखं नेटकं आहे. फक्त वास तेवढा आहे. रुग्णालयाच्या मागे डुकरांचे गोठे आहेत, आणि तो वास गोड आहे, हे मला जास्त खटकलं.

२५ नोव्हेंबर

पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

गिझी नेनीने मला शस्त्रक्रियांची वही दाखवली. लांबलचक वही, तिच्याच हाताने आखलेले रकाने, आणि प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे शेवटी 'कोमा' हा शब्द आणि एक आकडा. कोमा ११, कोमा १२, कोमा १३. मी हादरले. म्हटलं, एवढी माणसं बेशुद्धीत गेली? आमच्या भाषेत या शब्दाची गंमत अशी की 'ओ'वर एक तिरकी रेघ दिली तर तो दवाखान्यातला कोमा, बेशुद्धीचा. रेघ नसली तर तो गावाकडचा कोमा, म्हणजे आपल्या लेकराच्या बारशाला उभा राहिलेला, सख्ख्याहून सख्खा सोयरा. मला वाटलं नेनी घाईत रेघ द्यायला विसरली. शुद्धलेखनाची मला लहानपणापासून खाज आहे. मी पेन काढलं आणि योलान नावाच्या बाईपुढच्या शब्दावर ठसठशीत रेघ ओढून दिली.

नेनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खणातून ब्लेड काढलं आणि ती रेघ खरवडत बसली, कागद पारदर्शक होईपर्यंत. मग वर फुंकर मारली आणि जरा जास्तच मोठ्याने हसली. साऱ्या वॉर्डला ओरडून सांगितलं की ऐकलंत का, या शहरातल्या पोरीला कोमा म्हणजे काय तेच ठाऊक नाही! सगळे खो खो हसले. इथे प्रत्येक रुग्णासाठी एक डुक्कर वाढवतात. त्याच्या हृदयातली झडप माणसाला बसवायची, म्हणून ते डुक्कर त्या माणसाचं कोमा, आणि आकडा त्याच्या गोठ्याचा. हृदयाचा तुकडा देणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? मीही हसले. विनोद आहे खरा, पण जरा शिसारी आणणारा.

२७ नोव्हेंबर

यंत्रावर पहिलं काम. रुग्ण म्हणजे ती योलान नेनीच, हिरव्या फाटकाच्या घरातली थोरली बहीण, जन्म सगळा पोस्टात टपाल वाटण्यात गेला. एका टेबलावर ती, दुसऱ्यावर गुंगी दिलेलं डुक्कर नंबर चौदा, गळ्यापर्यंत चादर ओढलेलं. दोघांचं रक्त मधल्या पडद्यातून दोन-दोन तास एकमेकांजवळून न्यायचं, म्हणजे बाईच्या शरीराला परक्याची सवय लागते आणि ते झडप नाकारत नाही. हे डॉक्टर काल्नोकींचं अकरा वर्षांचं संशोधन. एक्केचाळीस रुग्णांतले अडतीस ठणठणीत आहेत. असा आकडा मोठमोठ्या शहरांत नाही, हे मी जाणते.

योलान नेनीच्या जिभेला हाड नाही. म्हणाली की आमचे हे पण असेच शेजारी घोरायचे, आणि एवढी अंघोळही करायचे नाहीत. मी हसले खरी, पण माझी नजर त्या दोन नळ्यांवर होती. दोन्ही सारख्याच गरम, सारख्याच लाल. हात लावला तर कुठली कुणाची ते सांगता येईना. डुकराच्या पापण्यांचे केस पांढरे होते, आणि ते झोपेत ओठ चाटत होतं. एवढ्यात डॉक्टर आले. हातात चरबी लावलेला पाव, वर कच्चा कांदा. पावानेच यंत्राकडे बोट दाखवत त्यांनी मला समजावलं की कोमाचं काहीही वाया जाता कामा नये, ही आमची एकच अट. गृहस्थ मृदू आहेत, नखं स्वच्छ आहेत. पण त्यांच्या हनुवटीवर चरबीचा थेंब थिजला होता, आणि मला तेवढाच दिसत राहिला.

घरी येऊन चार वेळा हात धुतले.

३० नोव्हेंबर

आज संत आंद्राशचा दिवस, डुकरं मारायचा हंगाम सुरू. उजाडता उजाडता व्हेंडेल बाचीने मागच्या अंगणात चौदा नंबरचं काम केलं. तो इथली डुकरं राखणाराही आणि खाटीकही, भला मोठा, बोलायला हळवा माणूस. मारण्याआधी त्याने डुकराच्या कानात योलान म्हणून हाक मारली. झडप वाटीतून आत आली. पाच तास मी यंत्र चालवलं. डॉक्टरांचा हात पाहून डोळे निवले, खोटं कशाला बोलू. झडप अशी बसली की जणू जन्मापासून तिथलीच.

मग बाहेर मेजवानी. पेंढा पेटवून केस जाळले होते, तो जळका वास नाकातून जाईना. नर्सेस कोपरापर्यंत हात घालून आतडी धूत होत्या. ज्या हातांनी गिझी नेनीने सकाळी मला नळ्यांचे चिमटे दिले, त्याच हातांनी ती आता रक्तात भात कालवत होती आणि बोटं चाटत होती. व्हेंडेल बाचीने भाजलेला कान मला देऊ केला, त्यावर अजून दोन केस होते. मी रुग्णवाहिकेच्या मागे जाऊन ओकले. बाची पालिंकाचा, फळांच्या दारूचा पेला घेऊन मागे आला आणि म्हणाला की पोरी, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं असं, माझी बायको तर लग्नातच ओकली होती.

शेवटी ताटं निघाली. कोमाचं हृदय, झडप काढून उरलेलं, पायांबरोबर आणि कानांबरोबर शिजवतात आणि ते पाणी थंडीत थिजवतात. कोचोन्या म्हणतात त्याला, सगळ्या देशात खातात, मला लहानपणापासून त्याची किळस आहे. हृदयाचे सात तुकडे, सात खोलगट ताटं, सात घरं. मी भाडेकरू असले तरी माझं घर वेगळं धरलं. सातवं ताट माझं. गिझी नेनीने बजावून सांगितलं की आठवडा घे हवा तर, पण कण ठेवू नकोस, आणि दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तुझं ताट तुझ्याच पोटात गेलं पाहिजे.

२ डिसेंबर

ताट खिडकीबाहेर गारठ्यात ठेवलं होतं. आज दुपारी पडदा सारला तर ते थरथरत होतं.

रस्त्यावरून ट्रक गेला असेल म्हणून थांबले. ट्रक नव्हता. राखाडी, पारदर्शक गोळा, वर पांढऱ्या चरबीची साय, मधोमध हृदयाचा तपकिरी तुकडा, आणि सगळं मिळून हलत होतं. दोनदा जोडीने, मग जरा थांबा. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबा. बारा वर्षं ठोके मोजण्यात गेली माझी, हात आपोआप घड्याळाकडे गेला. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

काय म्हणून मी हे पोटात घालायचं? माणूस आहे मी, उकिरडा नाही. ताट उचललं, रस्त्याकडच्या कुंपणापाशी पालापाचोळा कुजवायचा ढीग आहे त्यावर उपडं केलं. पडताना त्याने जो आवाज केला तो लिहीत नाही. नेनीच्या कोंबड्या लगेच धावल्या. ताट गरम पाण्याने घासलं आणि नेनीला परत देताना म्हटलं की फारच चविष्ट होतं.

ढिगापासून वळले होते तेव्हाच समोर हिरव्या फाटकात योलान नेनीची धाकटी बहीण रोझाल उभी होती. मी मान हलवली. तिने हलवली नाही.

३ डिसेंबर

योलान नेनीचा ईसीजी मीच काढला. दोन ठोके जोडीने, मग थांबा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. ती मजेत होती, मला विचारत होती की पोरी, माझं कोमा चवीला कसं होतं? माझ्यासारखंच चामट असणार. मी म्हटलं, छान होतं.

योगायोग असतात. दवाखान्यात तर रोजच असतात.

४ डिसेंबर

दुपारी रोझाल बहिणीचे केस विंचरत होती. योलान नेनी तिला पोस्टमास्तरांची कुठली तरी जुनी भानगड सांगत होती आणि ऐन रंगात आलेली असताना वाक्याच्या मध्येच थांबली. डोळे उघडे, तोंड उघडं. हाका मारल्या, चिमटे काढले. काही नाही. हृदय चालू आहे, झडप उत्तम आहे, मेंदूच्या तपासणीत काही सापडत नाही. पण ती आत नाही.

कुणी धावपळ केली नाही, याचं मला नवल वाटलं. सगळे खाली मान घालून उभे राहिले. गिझी नेनीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि योलानपुढच्या 'कोमा'वर रेघ दिली. मी पहिल्या दिवशी दिली होती, तिथेच. खरवडलेल्या कागदावर शाई पसरली.

म्हणजे नेनी रेघ द्यायला कधीच विसरली नव्हती.

६ डिसेंबर

तिला मागच्या खोलीत हलवलं. तिथे आधीच तिघं आहेत, वर्षानुवर्षं तशीच. वहीत त्या तिघांपुढेही रेघ आहे, जुनी पानं उलटून मी पाहिलं.

योलान नेनीला वास येतो आहे. मी आणि गिझी नेनीने तिला दोनदा पुसून काढलं, चादरी बदलल्या. जखम स्वच्छ आहे. तरी वास येतो, कुजक्या पानांचा, अंड्याच्या टरफलांचा, बटाट्याच्या सालींचा. आणि पोटावर, मांड्यांवर बारीक लाल खुणा उठल्या आहेत, दोन-दोनच्या जोडीने. चोचीने टोचावं तशा.

मला त्या खुणा कशाच्या ते कळलं. बाहेर आले आणि बेसिनमध्ये ओकले, पण या वेळी किळस कोचोन्याची नव्हती.

९ डिसेंबर

डॉक्टर काल्नोकींनी बोलावलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले की अकरा वर्षांत तिघं असेच योलानसारखे गेले, आणि तिन्ही वेळा सात ताटांतलं एक माणसाच्या पोटात गेलं नव्हतं. एकाने कुत्र्याला घातलं, एकीचं फडताळात बुरसलं, एकाने विहिरीत टाकलं. का होतं ते त्यांना माहीत नाही. छापून येणाऱ्या निबंधांत हा रकाना ते घालत नाहीत, घातला तर जग वेड्यात काढेल. झडप बसवणं हे माझं निम्मं काम, म्हणाले, उरलेलं निम्मं गावाचं. गाव पचवतं तेव्हा माणूस टिकतो.

मी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले की पूर्वी सांगायचो, तेव्हा लोक ताट घेईनातच.

गिझी नेनी दारात उभी होती. हळूच म्हणाली की कोंबडीच्या पोटात माणूस टिकत नाही गं एतेल्का. रोझालने तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. आठवडाभर तिला ठाऊक होतं, आणि आठवडाभर ती मला सकाळी गरम दूध आणि मध देत होती. ते दूध आता माझ्या पोटात दगड होऊन पडलं आहे.

मग डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. महिने नाहीत, म्हणाले, आठवडे आहेत. माझं कोमा तयार आहे. नंबर सतरा. नोकरीच्या अर्जासोबत सप्टेंबरात मी रक्ताचा नमुना पाठवला होता, तेव्हापासून वाढवत आहेत.

१० डिसेंबर

सतरा नंबर पाहिली. मादी आहे. व्हेंडेल बाची कौतुकाने सांगत होता की भारी नखरेल आहे, इतरांचं उष्टं खात नाही, पाण्यात पान पडलं तर पाणी पीत नाही, अगदी शहरातून आल्यासारखी. मी तिच्या मानेखाली बोटं ठेवली. चार ठोके सरळ. पाचवा गाळलेला. तिने माझ्या हाताचा वास घेतला आणि नाक मुरडलं. तिलाही माझी किळस आली, आणि मला तिचा राग आला नाही.

१३ डिसेंबर

पळून जायला निघाले. बॅगसुद्धा घेतली नाही. फलाटावर पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. त्याच घोरणाऱ्या पोस्टमनने हातगाडीवर घालून परत आणलं. राजधानीत फोन केला, तिथली बाई म्हणाली की आता सात महिने, आणि नाव पुन्हा नोंदवावं लागेल.

सात महिने! मला सात दिवसांची खात्री नाही.

एकच उपाय आहे, आणि त्यासाठी मला सात माणसं हवीत, जी मला गिळतील. मी एकालाही गिळू शकले नव्हते.

१८ डिसेंबर

नेनीने सात घरं ठरवली आहेत. रीतच अशी की जवळची सात. सातवं घर समोरचं, हिरव्या फाटकाचं. दुसरं चालत नाही का विचारलं. नाही चालत, म्हणाली. जिच्या बहिणीचं ताट तू घेतलंस, तुझं ताट तिथे गेलंच पाहिजे.

म्हणून आज रोझालकडे गेले. रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली. ती अक्रोडाची पोळी लाटत होती. मी उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं, म्हणजे शब्दांनी. मला माहीत नव्हतं, मला किळस आली, मी वाईट नाही, मला जगायचंय. ती लाटत राहिली. मग पीठ झटकलं, माझा गार हात हातात घेतला आणि म्हणाली की येऊ दे तुझं ताट. दिवसभर डोळ्यांसमोर ठेवीन ते.

मी तिच्या हातावर डोकं ठेवून रडले. किती मोठ्या मनाची बाई.

२२ डिसेंबर

यंत्रावर मी. नळ्या मीच लावल्या, बटण नेनीने दाबलं. पलीकडच्या टेबलावर ती सतरा नंबर. तिच्या अंगातून येणारी ऊब माझ्या दंडात शिरली तेव्हा तोंडाला पाणी सुटलं. ओकारीचं नाही. भुकेचं.

मध्येच तिने एक डोळा उघडला. पांढऱ्या पापण्या. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

१ जानेवारी

सगळं गाव आज डुक्कर खातं, ते नाकाने पुढे उकरतं म्हणून वर्षही पुढे जातं म्हणे. मीही खाल्लं. तीनदा वाढून घेतलं. मग नेनीचं उरलेलं.

आरशात बघत नाही. स्वतःच्या तोंडाचा तो तुपकट चकचकीतपणा बघवत नाही.

४ जानेवारी

उद्या. जिना चढता येत नाही, पेन जड लागतं. व्हेंडेल बाची येऊन गेला, टोपी हातात घेऊन. विचारत होता की कानात काय नाव घेऊ, नुसतं एतेल्का की लाडाचं काही आहे. आई मला एतुका म्हणायची, ते सांगितलं.

७ जानेवारी

जिवंत आहे!

ओठ गुलाबी. श्वास पार तळापर्यंत जातो. ठोका अजून लंगडतो, चार आणि गाळलेला पाचवा, पण कसा दणदणीत. खाट खिडकीपाशी आहे, समोर रस्ता, हिरवं फाटक, सगळं लख्ख दिसतं. पहिला घास रुग्णाने स्वतः खायचा असतो. डॉक्टरांनीच चमच्याने भरवला. गार, बुळबुळीत, जिभेवर धडधडणारा.

छान लागला. हे लिहिताना स्वतःची इतकी घाण वाटते आहे, की— पण छान लागला.

८ जानेवारी

ताटं गेली. दिवसभर निरोप येत आहेत. गिझी नेनीने सगळ्यांत आधी संपवलं, पावाने ताट पुसून दाखवायला घेऊन आली. डॉक्टरांनी जेवणाच्या सुट्टीत. पोस्टमनने उभ्या उभ्या. व्हेंडेल बाची म्हणाला की चव चांगली होती गं पोरी, जरा मीठ कमी पडलं तुझ्यात. उरलेली दोघं संध्याकाळपर्यंत. प्रत्येक वेळी छातीत कुणी हलकेच पांघरूण घालतंय असं वाटतं. माणसांनी जेवावं म्हणून मी कधी इतकी आतुर झाले नव्हते.

सहा झाली. सातवं रोझाल उद्या खाईल. तिची तब्येत बरी नसेल.

९ जानेवारी, सकाळ

रोझालने ताट बाहेर ठेवलंय. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर, फडकं काढून, माझ्याकडे तोंड करून. ती काचेमागे खुर्चीत बसली आहे. विणते आहे. बघते आहे.

ऊन आहे. इथून थरथर दिसते. चार, आणि थांबा. चार, आणि थांबा.

मी मनगट धरून बसले आहे.

अकरा वाजता

नेनी जाऊन आली. फाटकाला कडी. व्हेंडेल बाची कुंपण चढायला निघाला तर नेनीनेच अडवलं, ओढून आणलेलं ताट चालत नाही, ज्याचं त्यानेच. रोझालने खिडकीतून एवढंच सांगितलं म्हणे, की मी शब्द पाळला आहे. डोळ्यांसमोर ठेवते म्हणाले होते, ठेवलंय.

खाते असं ती म्हणाली नव्हती. मी पुन्हा पुन्हा आठवते आहे. म्हणाली नव्हती.

दुपार

कडा सुटायला लागल्यात. चरबी पाझरते आहे कट्ट्यावरून. माझ्या अंगाला घाम, चिकट, पुसला तरी— बोटं कागदाला चिकटतात—

हाका मारल्या. रोझाल नेनी, एक घास. फक्त एक. ती विणते आहे.

वासही. आता मला माझाच—

दीड

मांजर. राखाडी, तिचंच. कुंपणावरून कट्ट्यावर आलंय. ताटाचा वास घेतंय. हुसकाव ना बाई, हुसकाव—

दारात गिझी नेनी. काखेत वही. माझ्याकडे बघत नाही. पेनाचं टोपण काढते आहे— नेनी, थांब, रेघ नको देऊस अजून, मी आहे इथे, मी शुद्धीवर—

त्याने मान खाली घातली—

छातीत. आतून. खरखरीत, ओलं, एकदा— पुन्हा— चाटतंय, ते मला चा